हातगुण अडतीस टक्के

माणसाच्या हाताला गुण आहे की नाही, हे हल्ली फोन सांगतो. पूर्वी सासवा सांगायच्या. सासूशी निदान भांडता तरी यायचं.

संक्रांत होऊन आठवडाही झाला नसेल, माझी भावजय उज्ज्वला हिचा निफाडहून फोन आला. "ताई, तुम्ही साबणाच्या कारखान्यात आयुष्यभर तेलं तपासलीत. जरा येऊन बघता का? आमचा घाणा लागतच नाही. टेम्पो दारात उभा आहे, फरसाणाचे डबे तसेच पडलेत."

मी विचारलं, "घाणा लावतं कोण?"

"ईश्वरी लावायची."

"लावायची म्हणजे? आता कुठे आहे ती?"

"माहेरी गेलीय." वर म्हणाली, "इकडे थंडी फार आहे ना."

निफाडची थंडी काय यंदाच पडायला लागली? आणि दोन महिन्यांची नवी सून थंडीला भिऊन चांदवडला जाते म्हणे! तिथे काय उन्हाळा आहे? मला तिथेच वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिकहून बस धरली.

ज्यांच्या घरी रवी नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पंपांवर जुन्या गाड्यांना डिझेल मिळणं बंद झालं, तेव्हा माझ्या भावासारखे छोटे धंदेवाले रडकुंडीला आले होते. तेव्हा हे यंत्र आलं. यंत्र कसलं, नुसतं एक जाडजूड झाकण. खाली ढवळायचा दांडा आणि तेल चाखणारी एक कांडी. कुठल्याही भांड्यावर बसतं, म्हणून स्वस्त. ताक घुसळल्यासारखं तेल घुसळतं, म्हणून लोकांनी त्याचं नाव रवी ठेवलं आणि एका खेपेला घाणा म्हणायला लागले.

आत जे घडतं ते तसं सोपं आहे. तेलाचा रेणू म्हणजे एका खुंटीला लटकलेले तीन लांब दोर. ते तसेच इंजिनात गेले तर नीट जळत नाहीत, काजळी धरतात. दोर खुंटीवरून सोडवायचे, प्रत्येकाच्या टोकाला मिथेनॉलचा एक तुकडा जोडायचा, की झालं पातळसर डिझेल. रिकामी खुंटी म्हणजे ग्लिसरीन, ते तळाशी बसतं. कारखान्यात हे काम कॉस्टिक करतं. पण शेव तळून तळून काळ्या पडलेल्या तेलात कॉस्टिक घातलं तर निम्म्या तेलाचा साबण होतो. म्हणून शास्त्रज्ञांनी एक यीस्ट घडवलं, ज्याच्या अंगावरच दोर सोडवणारं एन्झाइम असतं. जाळीच्या पुरचुंडीत बांधून ते कोमट तेलात सोडायचं, घाणा झाला की काढून साखरपाण्यात ठेवायचं. वाढलं की निम्मं शेजारणीला द्यायचं. बायका पहिल्या दिवसापासून त्याला विरजणच म्हणाल्या. आणि विरजण मागायला आलेल्या बाईला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे दोन वर्षांत ते सगळ्या जिल्ह्यात पोचलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण मिथेनॉल विषारी, म्हणून ते ओतणाऱ्याने दर वेळी झाकणावर अंगठा लावायचा, असा नियम झाला. आता कुठला घाणा कुणी लावला आणि तो किती टक्के लागला, हे यंत्राकडे आपोआप जमायला लागलं. मग कंपनीतल्या कुणा शहाण्याला वाटलं, या माहितीचं काहीतरी करू या. पुढच्या सुधारणेत फोनवर एक नवा रकाना आला, अख्ख्या गल्लीला दिसेल असा. करणाऱ्याचा गुण. लोक त्याला हातगुण म्हणतात. आज आमच्या तालुक्यात मुलगी बघायला गेले की पत्रिकेआधी हातगुण विचारतात. चेष्टा करत नाही मी.

ईश्वरीचा हातगुण होता अडतीस टक्के. उज्ज्वलाचा ब्याण्णव.

घरी पोचले तेव्हा माझा भाऊ अविनाश कढईपाशी होता. तो शेवेशी बोलेल तेवढं माणसांशी बोलत नाही. भाचा सुजय अंगणात टेम्पोला टेकून फोन बघत होता. मी पिशवी ठेवली आणि आधी त्यालाच धरलं.

"बायको कुठाय रे तुझी?"

"आत्या, तू आधी घाणा बघ ना."

"घाण्याचं बघते. बायको कुठाय?"

"आई म्हणाली, थोडे दिवस जाऊन ये. घाणे सगळे बिघडत होते. सरासरी खाली गेली की कंपनी मिथेनॉलचा परवाना थांबवते. फोनवर सूचनाच आली होती, कमी गुणाचा अंगठा काढा म्हणून."

"आणि तू काढलास?"

"बटण दाबायचं असतं फक्त," तो म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण ओरडून उपयोग नव्हता. मला वाटलं, कारण सापडलं की सगळं आपोआप सरळ होईल. घाणा का लागत नाही हे एकदा दाखवून दिलं की पोरगी सन्मानाने घरी येईल. मी पदर खोचला आणि मागच्या पडवीत गेले.

घाणा मंद लागायची कारणं ठरलेली असतात. पहिलं थंडी. पण ईश्वरीने लावलेला शेवटचा घाणा अजून तसाच होता, तिच्या माहेरून आलेल्या तांब्याच्या बंबात. मधल्या नळीत कोळशाऐवजी विजेची कांडी बसवलेली, तेल छान कोमट. दुसरं ढवळणं. रवी व्यवस्थित फिरत होती. तिसरं पाणी. पळीभर तेल तापवून पाहिलं, जरासुद्धा तडतडलं नाही. चौथं आंबटपणा. हळदीचं पाणी घालून थेंबाथेंबाने चुन्याची निवळी सोडली, लाल व्हायला फार लागली नाही. तेल जुनं होतं, पण चालण्यासारखं होतं. पाचवं मिथेनॉल. ते एकदम ओतलं तर एन्झाइम मरतं, तीन वेळा थोडं थोडं घालायचं असतं. यंत्रातली नोंद बघितली. पोरीने प्रत्येक घाण्याला अगदी बरोबर घातलं होतं. उज्ज्वलापेक्षा बरोबर. उज्ज्वला दोनदाच घालत होती, तिसऱ्या वेळी उठायचा कंटाळा.

"बघा ना ताई," उज्ज्वला मागून म्हणाली, "करायची सगळं नीटच. मी कुठे नाही म्हणते? पण एकेकाच्या हाताला नसतंच हो. तिच्या हातचं दहीसुद्धा पातळ लागायचं."

"म्हशीचं दूध बंद करून पिशवीचं कधीपासून घेताय?"

"दिवाळीपासून."

"आणि ती आली तुळशीच्या लग्नानंतर. दही पातळ होणार नाही तर काय होईल?"

तिने ते ऐकलंच नाही. मी पुरचुंडी वर काढली. विरजण कसं हस्तिदंती रंगाचं असतं. हे हिरवट झालं होतं. बंबाच्या आत हात फिरवला, बोटांना हिरवा चिकट थर आला. मी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, हे तर कळकलंय! बंबात घाणा लावायची अक्कल कुणाची?"

"माझीच," उज्ज्वला जरा अभिमानानेच म्हणाली. "तिच्या माहेरचा एवढा सुंदर बंब नुसता कोपऱ्यात पडला होता. स्टीलच्या ड्रममध्ये तेल गार पडतं. म्हटलं, सून घाणा लावायला लागलीय तर तिच्याच बंबात लावू दे. तांबं कसं शुद्ध असतं."

शुद्ध! तांब्यातलं पाणी लोक पितात ते त्यात जंतू मरतात म्हणून. आपलं विरजण म्हणजे तरी दुसरं काय आहे? वर पुन्हा जुन्या तेलातली आम्लं तांबं खातात, ते तेलात उतरतं, एन्झाइमच्या नेमक्या कामाच्या जागी जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. कुलपात काडी मोडल्यावर किल्ली जात नाही, तसं. आंबट वरण बिनकल्हईच्या पितळेत ठेवू नये हे या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पण हे वरण नव्हतं, डिझेल होतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. यंत्रानेही विचारलं नाही. त्याला अंगठा कळतो, भांडं कळत नाही. ज्या दिवशी हात बदलला त्याच दिवशी भांडं बदललं होतं, आणि पाप लागलं हाताला.

मी हे सगळं तिघांना पडवीत उभं करून समजावलं. बोटावरचा हिरवा थर दाखवला. अविनाशने मान हलवली. सुजयचा चेहरा उजळला. उज्ज्वला म्हणाली, "अस्सं होय! मग ड्रममध्ये लावते."

मी दुपारी जेवून पडले. तेवढ्यात तिने शेजारच्या आहेरकाकूंकडून ताजं विरजण आणलं, ड्रम धुतला, त्याला गोधडी गुंडाळली, आणि आपल्या हाताने घाणा लावून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर आकडा आला, चौऱ्याण्णव.

"लागला बाई!" ती आनंदाने ओरडली. आणि पुढे काय म्हणावं तिने? "ताई, बंबाचं तुम्ही म्हणता ते असेलही. पण ती गेली आणि लगेच लागला, हेही खरंच ना?"

मी म्हणाले, "उज्ज्वला, भांडं बदललंस, विरजण बदललंस आणि हातही बदललास. कशाने लागला हे आता ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का?"

"म्हणजे हातानेही असू शकेल," सुजय म्हणाला.

शिकलेला आहे हो तो. माझ्याकडे राहून शिकलाय. मी त्याला रसायनशास्त्राचे प्रयोग शिकवले, आणि त्यातून त्याने हे शिकून घेतलं. मला इतका संताप आला की हातातला चहाचा कप मी आपटलाच. म्हटलं, ठीक आहे. हाच ड्रम, हेच तेल, हेच विरजण. बदलायचा फक्त हात. ईश्वरीला बोलवा आणि तिला घाणा लावू दे. मग बोला.

उज्ज्वला कचरली, पण नाही म्हणाली नाही. सुजय म्हणाला, "तूच आण तिला, आत्या. माझा फोन ती घेत नाहीये."

चांदवडला ईश्वरीच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात आईबरोबर मेथी निवडत होती. मला बघून उठली, नमस्कार केला. चेहरा ओढलेला होता, पण डोळे कोरडे. मी तिला बंबाचं सांगितलं. वाटलं, ऐकून हलकी होईल. ती मेथी निवडतच राहिली.

"बाबांनी तो बंब नाशिकला सराफ बाजाराजवळून मोठ्या हौसेने आणला होता," ती म्हणाली. "मलाही सुचलं नाही तांब्याचं."

"कुणालाच सुचलं नाही गं."

"आत्या, घाण्याचं मला काही वाटलं नाही हो. लागला नाही तर नाही. पण आधी तिकडच्या आई म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस. मग म्हणाल्या, शेवेचं पीठ मी मळते. संक्रांतीला मला काळी साडी नेसवली, हलव्याचे दागिने घातले. गल्लीतल्या बायका आल्या. माझ्याकडून हळदीकुंकू लावून घेतलं, आणि तिळगुळाची वेळ आली तेव्हा आहेरकाकूंनी डबा माझ्या हातातून काढून आईंच्या हातात दिला. हसत हसत. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांच्या फोनवर माझा आकडा दिसत होता ना."

"आणि सुजय?"

"तो फोटो काढत होता."

मी तिचा हात धरला. "ये तू. एक घाणा लाव. सगळ्यांची तोंडं बंद करू."

तिने हात सोडवून उरलेली जुडी निवडली. मग म्हणाली, "येते. मलाही एक गोष्ट बघायचीय." कुठली गोष्ट हे मी विचारलं नाही. मी माझ्याच प्रयोगाच्या विचारात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निफाडला आलो. तिने एक बॅग आणली होती, ती पडवीत पायरीजवळ ठेवली. सुजय बाहेर आला, "आलीस?" म्हणाला आणि तिचा अंगठा यंत्रात पुन्हा नोंदवण्यासाठी फोन पुढे केला. तिने अंगठा लावला. उज्ज्वलाने चहा दिला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीत.

ईश्वरीने तेल गाळलं, ड्रममध्ये ओतलं, हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघितली, पुरचुंडी सोडली. मिथेनॉलचा पहिला भाग घालून झाकण लावलं. मी लांब खुर्ची टाकून बसले होते, कुणी म्हणायला नको की आत्याने हात लावला. दुपारी तिने दुसरा भाग घातला, उन्हं कलल्यावर तिसरा. दिवसभर ती ड्रमपाशी बसून होती. सुजय दहा वेळा आला. येऊन फोन बघायचा, "सत्तर झालेत" म्हणायचा, जायचा. एकदाही तिच्याशेजारी टेकला नाही. उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दारातून डोकवायची. बॅग पायरीपाशी तशीच होती.

दिवेलागणीला रवी थांबली. मी यंत्रावर विसंबून नव्हते. काचेच्या नळीत मिथेनॉल घेऊन त्यात ईश्वरीच्या घाण्याचं थोडं डिझेल घातलं. न लागलेलं तेल असलं तर थेंब होऊन खाली बसतं. नळी स्वच्छ राहिली, तळाशी ठिपकासुद्धा नाही. तेवढ्यात फोनवर आकडा उमटला.

"सत्त्याण्णव!" सुजय जवळजवळ नाचलाच. "आई, सत्त्याण्णव! तुझ्यापेक्षा जास्त!"

खोटं कशाला बोलू, मलाही त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं. चांगलं दणकून जिंकल्यासारखं. उज्ज्वला पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चला, बरं झालं बाई. माझ्या मनातलं गेलं." अविनाशसुद्धा कढईवरून उठून आला.

सुजय पायरीपाशी गेला. "चल, बॅग आत नेतो."

"सकाळपासून इथेच आहे ती," ईश्वरी म्हणाली.

"अगं, म्हणूनच तर नेतो ना आता."

"सुजय, कमी आकडा आला असता तर नेली असतीस?"

तो हसला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. म्हणाला, "पण आला ना जास्त!"

दोन महिन्यांचा संसार, अजून लग्नाचा चुडाही उतरला नव्हता, आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. मग तिने हात धुतले, साबण लावून, नखांतलं तेल काढून. बॅग उचलली.

"ईश्वरी, अगं हे काय?" मी उठले. "सिद्ध झालं ना सगळं!"

"झालं, आत्या. तुम्ही माझ्यासाठी आलात, ते मी विसरणार नाही." ती माझ्याकडे वळली. "पण तुम्हीसुद्धा मला परीक्षेलाच बसवलंत. मला बघायचं होतं की आकडा यायच्या आधी कुणी बॅग आत नेतं का. तुम्हीही नाही नेलीत."

मी दिवसभर त्या बॅगेपासून चार हातांवर बसले होते. भांडं तेच, तेल तेच, विरजण तेच, एवढंच माझ्या डोक्यात. तिचं बोलणं मला फार लागलं. अजूनही लागतं.

अविनाश पुढे झाला. "पोरी, उशीर झालाय. मी टेम्पोने सोडतो चांदवडला. डिझेल आहे आता."

"नको, बाबा. बस मिळेल," ती म्हणाली, त्याच्या पाया पडली आणि निघाली. अविनाश तरीही फाट्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेला. बॅग त्याने तिच्या हातातून घेतली होती.

घरात उज्ज्वला रडायला लागली. "एवढा गुण असलेली पोरगी, आणि मी तिला पिठाला हात लावू दिला नाही. मीच जाते उद्या तिला आणायला. म्हणेन, सगळे घाणे तूच लाव." मी तिला म्हटलं, "अगं, गुण हाताला नसतोच, भांड्याचा दोष होता, एवढंच तर मी सांगतेय!" ती मान हलवत होती आणि डोळे पुसत होती. तिला पटलं होतं ते एवढंच, की ईश्वरीचा हात चांगला आहे. म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाचा तरी वाईट असणार. आहेरकाकूंची सून पुढच्या महिन्यात येतेय, तिच्या अंगठ्याची वाट बघत आता सगळी गल्ली बसेल.

मी पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात सुजय माझ्याकडे फोन घेऊन आला. त्याचा चेहरा पडला होता, मला त्याची कीवही आली. यंत्राने नवी सूचना पाठवली होती: या घरात घाणा शक्यतो ईश्वरी यांनी लावावा.

"आत्या, बघ ना. आता तर यंत्रच म्हणतंय. हे पाठवू का तिला? वाचून येईल ना ती?"

"पाठव की," मी म्हणाले. "निघून गेले ते बरंच केलं, अशी तिची खात्री तरी पटेल."

आणि त्याने खरंच पाठवलं.